हळद गाडीतच आहे

प्रेमराज देसल्यांनी ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यात एक कोंबडी बसलेली होती. पाचोऱ्याला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात ते विम्याच्या पाहणीसाठी गेले होते. सरकीच्या पोत्यांमागे ताडपत्री, ताडपत्रीखाली लांबलचक नाकाची लाल गाडी आणि चालकाच्या जागेवर ही कोंबडी. कोंबडीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी कोंबडीकडे पाहिलं, आणि पन्नाशी उलटल्यावर, डोक्यावर जेमतेम केस आणि पोटात कायमची ॲसिडिटी असताना, प्रेमराज प्रेमात पडले. गाडीच्या. हे सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांच्या पत्नी कोकिळाबाई पुढे बरेच दिवस "कोंबडी पण आणायची ना मग," असं म्हणत होत्या.

गाडीचं नाव फाल्कोना. विलायती, दोन दारांची, दोनच माणसांची आणि बिनछपराची. छप्पर मुळात होतं, पण ते कापडाचं होतं आणि गोदामात उंदीर होते. जिनिंगच्या मालकाच्या वडिलांनी तरुणपणी ती शर्यतीत पळवली होती म्हणे. शर्यतीत कितवा नंबर आला, हे विचारल्यावर मालक जरा खोकला आणि चहा मागवायला उठला.

आता विम्याच्या कचेरीतल्या सज्जन माणसाला शर्यतीची गाडी हवी कशाला? याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर योगेंद्र. योगेंद्र म्हणजे प्रेमराजांचे साडू, कोकिळाबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, राहणार भुसावळ, धंदा ठेकेदारी. त्यांनी नुकतीच विजेवर चालणारी पांढरीशुभ्र गाडी घेतली होती. तिला पाचशे घोड्यांची ताकद होती, भिंतीवर लावतात तेवढा टीव्ही होता आणि ती बाईच्या आवाजात बोलायची. "भाऊ, तीन सेकंदांत शंभर," असं योगेंद्र भेटतील तिथे सांगत. प्रेमराजांनी यावर पुष्कळ विचार केला होता. जळगावात तीन सेकंदांत शंभरवर जाऊन पुढे करायचं काय? चौथ्या सेकंदाला खड्डा येतो.

पण गोष्ट सेकंदांची नव्हती, मानाची होती. मेव्हण्याच्या मुलाचा, नवीनचा, साखरपुडा झाला, त्यात टॉवेल-टोपी द्यायला माईकवरून नावं पुकारली गेली. आणि पहिलं नाव पुकारलं गेलं ते धाकट्या जावयाचं. थोरले जावई प्रेमराज खुर्चीतून अर्धे उठले होते. अर्ध्या उठलेल्या माणसाला पुन्हा बसताना काय वाटतं, ते ज्याचं त्याला माहीत. त्यांनी शेजारच्या माणसाला पाणी विचारायला उठल्यासारखं केलं, आणि त्या माणसाने खरंच पाणी मागितलं.

म्हणून फाल्कोना. किमतीबद्दल त्यांनी कोकिळाबाईंना काही सांगितलं नाही, तेव्हा आपणही चौकशी करू नये.

गाडी टेम्पोत घालून जळगावच्या कॉलनीत आली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कोणी म्हणालं, हिला बागेत ठेवा आणि आत मोगरा लावा. कोणी म्हणालं, हायवेवरच्या शेवभाजीच्या हॉटेलाला देऊन टाका, लोक आत बसून फोटो काढतील. शेजारचे तोताराम नाना एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी गाडीभोवती हात मागे बांधून फेरी मारली आणि "हिला घंटी नाही," एवढाच शेरा दिला. प्रेमराजांनी त्यांनाच विनंती केली, "नाना, जुन्या मोटारीतला एखादा जाणता मिस्त्री असेल तर बघा." नाना दुसऱ्या दिवशी चिंधा मिस्त्रीला घेऊन आले. झुपकेदार मिशा, खांद्यावर पंचा, बोलण्यात जबर आत्मविश्वास. चिंधाने आयुष्यभर मोटारीच दुरुस्त केल्या होत्या यात शंका नव्हती. त्या सगळ्या विहिरीवरच्या होत्या, हे कळलं तेव्हा फाल्कोनाचं इंजिन सुटं होऊन अंगणात वाळवणासारखं पसरलेलं होतं.

"अरे, ही पाण्याची मोटार नाही!" प्रेमराज ओरडले.

"मोटर ती मोटर, साहेब," चिंधा शांतपणे म्हणाला. "ती पानी वढस, ही मानूस वढस. बठ्ठं एकच शे."

नोंदणीच्या खिडकीवरही असंच काहीतरी झालं. संगणकात फाल्कोना नव्हती. बाईंनी विचारलं, "वाहनाचा प्रकार?" प्रेमराज अभिमानाने म्हणाले, "स्पोर्ट्स." बाईंनी मान वर केली. "कोणता खेळ?" प्रेमराज हसले. बाई हसल्या नाहीत. स्पोर्ट्स लिहायचं असेल तर क्रीडा विभागाचं पत्र लागेल, असं त्यांनी सांगितलं. प्रेमराज तिकडे गेले. तिथले साहेब आपण होऊन कोणीतरी आलं याच आनंदात होते. त्यांनी चहा पाजला, शाळेतल्या खो-खोच्या आठवणी सांगितल्या आणि सही-शिक्क्यानिशी पत्र दिलं की, सदर वाहन खेळण्यास तंदुरुस्त आहे. त्या पत्रावर नोंदणी झाली. एवढं सरळ काम प्रेमराजांच्या आयुष्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

आणि एका सकाळी गाडी सुरू झाली. आधी एक बार उडाला, मग धूर, आणि मग असा काही घनगंभीर आवाज की कॉलनीतली कुत्री गप्प बसली. प्रेमराजांचे डोळे भरून आले. धुरानेही आले असतील. त्या दिवसापासून त्यांना एक तत्त्वज्ञान सापडलं आणि ते ज्याला त्याला ऐकवू लागले. नव्या गाडीत माणूस पार्सल असतो. बसवला, पट्टा बांधला, पोचवला. जुन्या गाडीत माणूस गाडी चालवतो. तिचा मूड बघावा लागतो, पेट्रोलचा वास घ्यावा लागतो, चढावर तिला "चल गं" म्हणावं लागतं. "नव्या गाडीचा वेग काचेवर आकड्यात दिसतो," ते म्हणत, "जुन्या गाडीचा पाठीच्या मणक्यात समजतो." त्यांच्या मणक्याला तो खरोखरच समजत होता, आणि कोकिळाबाई रोज रात्री त्याला बाम चोळत होत्या.

योगेंद्र एकदा येऊन गाडी पाहून गेले. "भाऊ, हिला ब्रेक आहेत?" त्यांनी विचारलं.

"असतात कधीकधी," प्रेमराज म्हणाले.

लग्न मे महिन्यातलं. नवरदेव जळगावचा, नवरी डिंपल धुळ्याची, देवपुरातली. आदल्या दिवशी सकाळी नवीनला हळद लागली, आणि आता त्याची उष्टी हळद धुळ्याला पोचवायची होती. नवरदेवाच्या अंगाला लागलेली हळद उरते, ती नवरीला लावायची. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. डिंपल तिकडे दुपारी पाटावर बसणार होती. म्हणजे त्या दिवशी खानदेशात त्या हळदीच्या स्टीलच्या डब्यापेक्षा मोलाची वस्तू दुसरी नव्हती.

सासरे भिकन आबा व्यवहारी माणूस. "योगेंद्ररावच्या गाडीत द्या," ते म्हणाले, "तासाभरात पोचेल."

सासूबाई वच्छलाबाईंनी डबा छातीशी धरला. "मोठा जावाई हुभा शे ना आठे. मान त्यास्ना शे." आणि त्यांनी डबा प्रेमराजांच्या हातात ठेवला. "जावाईबापू, पोरनी हळद शे. सांभाळीसन लई जा."

साखरपुड्यापासून प्रेमराजांच्या छातीत जे काही रुतून बसलं होतं ते निघालं. त्यांनी डबा कपाळाला लावला आणि मनात शपथ घेतली की आता प्राण गेला तरी ही हळद वेळेवर पोचली पाहिजे. मग त्यांनी मोठ्या ऐटीने पत्नीसाठी फाल्कोनाचं दार उघडलं. कोकिळाबाईंनी उन्हाकडे पाहिलं, बिनछपराच्या गाडीकडे पाहिलं, नव्या पैठणीकडे पाहिलं.

"मान तुम्ही न्या," त्या म्हणाल्या, "मी एसीत जाते." आणि बहिणीबरोबर पांढऱ्या गाडीत जाऊन बसल्या.

रिकाम्या जागेवर चिंधा बसला, मांडीवर डबा घेऊन. पाळधीपर्यंत फाल्कोनाने असा काही रंग जमवला की रस्त्याकडेच्या टपऱ्यांवरून लोक हात करू लागले. मग पाठीमागून काहीही आवाज न करता पांढरी गाडी आली आणि बाजूने निघून गेली. कोकिळाबाईंनी काचेआडून हात हलवला. त्यांच्या हातात थंड ताकाचा ग्लास होता असं प्रेमराजांना वाटलं, पण त्या वेगात नीट दिसलं नाही.

एरंडोल मागे पडलं आणि फाल्कोनाच्या नाकातून वाफ निघाली. चिंधाने बॉनेट उघडलं. रेडिएटरला चीर गेली होती आणि पाणी धार लावून वाहत होतं. जवळच्या शेतात मोटार चालू होती. प्रेमराज बादली घेऊन पळाले. कपाशीसाठी नांगरून ठेवलेल्या ढेकळांतून, मानाचा फेटा सावरत, बादली हिंदकळवत ते परत आले, तेव्हा चिंधा मिशीला ताव देत उभा होता.

"गळती बंद व्हयी गई, साहेब! वता पानी."

प्रेमराजांनी पाणी ओतलं. खरंच एक थेंब गळेना. त्यांना चिंधाला मिठी मारावीशी वाटली. "कमाल आहे! केलं काय तू?"

"हळद टाकी दिनी. ट्रॅक्टरवाला असंच करतस. चीर बुजी जास."

"वा!" प्रेमराज म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "हळद कुठून आणलीस?"

"डब्बामा व्हती ना."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. प्रेमराजांनी डबा हातात घेऊन आत पाहिलं. चिंधा कामात चोख होता; त्याने बोटाने निपटून घेतला होता. प्रेमराज रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि त्यांना खरंच रडू आलं. थोरल्या जावयाने नवरीची उष्टी हळद रेडिएटरला पाजली. आता जन्मभर कोणत्याही लग्नात माईकवर त्यांचं नाव निघालं की लोक आधी हसणार, मग टॉवेल देणार.

"पारोयाले दुकान शे, नवी ली लेऊत," चिंधाने मार्ग काढला. "कोनले समजाव शे?"

कोणालाच समजलं नसतं. पण प्रेमराज विम्यातला माणूस. खोटे दावे नामंजूर करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि दुकानातली हळद ही फक्त हळद, ती उष्टी नव्हे, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसले आणि बाजू नीट मांडून पाहिली. नवरदेवाची उष्टी हळद नष्ट झाली होती काय? नाही. ती कुठे होती? गाडीत. गाडी कुठे चालली होती? धुळ्याला. म्हणजे अजून तरी कर्तव्यात काही कसूर झालेली नव्हती. ते उठले आणि म्हणाले, "बस. हळद पोचवायची आहे."

पारोळ्यात रस्ता तुंबलेला होता. कोणाची तरी वरात चालली होती आणि वरातीच्या मधोमध, पाचशे घोड्यांसकट, योगेंद्रांची पांढरी गाडी उभी होती. गाडीपुढे माणूस आला की ती आपोआप थांबायची, असा तिच्यात बंदोबस्त होता. आणि तिच्यापुढे माणसं काही आली-गेली नव्हती, ती नाचत होती. दर वेळी गाडी बाईच्या आवाजात "कृपया सावध राहा, समोर अडथळा आहे," म्हणायची, आणि बाहेर लावलेल्या भोंग्यातून ते सगळ्यांना ऐकू जायचं. नाचणाऱ्यांना हे फार आवडलं होतं. बँडवाल्याने त्या वाक्याला ताल धरला होता. एक फेटेवाले काका तर गाडीला वाकून नमस्कार करत होते आणि गाडी त्यांना सावध राहायला सांगत होती. आत योगेंद्र टीव्हीवरची बटणं दाबत होते, आणि दाबेल त्या बटणाने सीट मागेपुढे होत होती.

तेवढ्यात फाल्कोनाने मागच्या नळीतून बार काढला. गर्दीला वाटलं आपलेच फटाके. सगळे टाळ्या वाजवत बाजूला झाले. प्रेमराज एक हात कपाळाला लावून, दोन्ही बाजूंना मान लववत त्यातून निघाले, इतक्यात कोकिळाबाई पांढऱ्या गाडीतून उतरून आडव्या आल्या.

"थांबवा! मी येते तुमच्यात. तिथे गाडी बोलते आणि योगेंद्रराव तिच्याशी भांडताहेत."

प्रेमराजांना बहुतेक ब्रेक सापडला. चिंधा मागच्या डिकीवर जाऊन बसला आणि कोकिळाबाई पुढे. बसल्याबरोबर त्यांनी डबा मांडीवर घेतला. तो फार हलका लागला.

"हळद कुठाय हो?"

"गाडीत," प्रेमराज म्हणाले.

"गाडीत कुठे?"

"पुढे."

हे शब्दशः खरं होतं. कोकिळाबाईंनी पायाशी पाहिलं, सीटखाली हात घातला, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना तो चेहरा पाठ झाला होता. धुळ्यापर्यंत गप्प बसलेली बायको शेजारी असणं म्हणजे काय, हे फक्त विवाहित वाचकांना सांगायला नको.

पांझरेचा पूल ओलांडून फाल्कोना देवपुरात शिरली तेव्हा तिला पुन्हा घाम फुटला होता. अंगणात मांडव, मांडवात बायकांची दाटी, मधोमध पाटावर डिंपल. सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसलेले. प्रेमराजांनी ब्रेक दाबला. ब्रेकने थोडा विचार केला आणि गाडी मांडवाच्या आत, बरोबर पाटासमोर येऊन, आचका देऊन थांबली. नाकातून वाफेचा बारीक सूर निघत होता.

डिंपलची आजी, कमलबाई, पुढे झाल्या. "उना का बापू! आना हळद."

प्रेमराज उतरले. फेटा सरळ केला. त्यांनी रस्ताभर भाषण पाठ केलं होतं आणि आता त्यातला एक शब्द आठवत नव्हता. "अक्का," ते म्हणाले, "हळद मी आणली आहे. नवीनचीच आहे, उष्टीच आहे. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. फक्त ती... ती जरा..."

साहेब अडलेत हे पाहून चिंधा मदतीला धावला. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, रेडिएटरच्या झाकणावर टाकला आणि झाकण फिरवलं.

जे वर गेलं ते पिवळं होतं. ते थेट मांडवाच्या छतापर्यंत गेलं, कापडाला थडकलं, आणि तिथून विखरून, कोमट होऊन, सगळ्या अंगणावर भुरभुरत खाली आलं. डिंपलवर आलं, करवल्यांवर आलं, कमलबाईंच्या पांढऱ्या केसांवर आलं, फोटोग्राफरवर आणि त्याच्या कॅमेऱ्यावर आलं. कोकिळाबाईंची पैठणी मुळात मोरपंखी होती. प्रेमराजांनी डोळे मिटून घेतले.

कमलबाईंनी गालावरचं पाणी बोटाने पुसलं. बोटाचा वास घेतला. "उष्टी शे ना?" त्यांनी विचारलं.

"उष्टीच आहे, अक्का," प्रेमराज डोळे न उघडता म्हणाले. "नवीनची. थोडं एरंडोलचं पाणी आहे त्यात."

"मंग कसाले रडतस?" कमलबाई गरजल्या. "लागनी! पोरले हळद लागनी! बठ्ठा गावले लागनी! म्हना गं गाना!"

आणि बायकांनी गाणी धरली. पाटावरची डिंपल आधी भेदरली होती. मग तिने स्वतःच्या पिवळ्या हातांकडे पाहिलं, समोरच्या लाल गाडीकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागली. कोकिळाबाईंनी नवऱ्याच्या कानाशी येऊन विचारलं, "हे 'पुढे' का?" प्रेमराजांनी मान हलवली. कोकिळाबाईंनी पदराने त्यांच्या फेट्यावरची हळद पुसायला घेतली आणि जास्तच पसरवली.

योगेंद्र पोचले ते सगळं आटोपल्यावर. पांढरा शुभ्र शर्ट, एक डाग नाही. सगळ्या पिवळ्या माणसांत ते एकटेच पाहुण्यासारखे दिसत होते.

आता फाल्कोना मांडवात अडकली होती आणि जेवणाच्या पंगती मांडायच्या होत्या. चिंधाने घंगाळातलं पाणी रेडिएटरमध्ये भरलं. ढकलायला प्रेमराज आणि योगेंद्र मागे लागले. हँडलवर कोण, असा प्रश्न आला तेव्हा डिंपल पाटावरून उठून सरळ आत जाऊन बसली. "आमच्या जुन्या ट्रॅक्टरला पण असाच क्लच दोनदा मारावा लागतो," ती म्हणाली. "ढकला, फुवा." नवीनच्या आत्याचे यजमान ते आता तिचेही फुवाच.

कमलबाई ओरडल्या, "हळद लागेल पोर शे, शीव वलांडू नको!" दोघे साडू दात-ओठ खाऊन ढकलू लागले. गाडी मांडवाच्या तोंडाशी, चढावर येऊन अडली. आणि नेमका त्याच वेळी माईक खरखरला. डिंपलच्या वडिलांनी मानाचे टॉवेल-टोपी काढले होते.

"आमच्या व्याह्यांच्या घरचे थोरले जावई, श्री. प्रेमराज देसले साहेब, यांचा पहिला मान. त्यांनी पुढे यावं!"

सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. योगेंद्र गाडीला खांदा लावून, धापा टाकत म्हणाले, "भाऊ, तुमचं नाव. पहिलं. जा तुम्ही."

"आत्ता सोडली तर मागे येईल ती," प्रेमराज म्हणाले. "ढकला हो तुम्ही."

"प्रेमराज देसले साहेब!"

त्यांनी पुन्हा रेटा दिला. फाल्कोना खोकली, बार उडाला, दोघांच्या तोंडावर धूर आला, आणि पिवळी नवरी लाल गाडी घेऊन उन्हात निघाली. मांडवासमोरच्या मैदानाला वळसा घालताना पहिला गियर ओरडला, मग दुसरा. आणि मग एकदम तो ओरडा थांबून एक गोल, भरलेला आवाज निघाला, जो प्रेमराजांनी आजवर कधी ऐकलाच नव्हता.

"हा कितवा?" योगेंद्रांनी हळूच विचारलं. त्यांचा पांढरा शर्ट पोटापासून कॉलरपर्यंत काळा-पिवळा झाला होता आणि त्यांना ते अजून कळलं नव्हतं.

"तिसरा," प्रेमराज म्हणाले. "आहे म्हणजे हिला. माझ्याकडून कधी पडलाच नाही."

दोघे साडू रस्त्याच्या मधोमध कान देऊन उभे राहिले. मागे माईकवरून थोरल्या जावयाचं नाव पुन्हा पुकारलं जात होतं, आणि थोरल्या जावयांनी तिकडे न बघता हातानेच खूण केली की जरा थांबा.